शुश्रूषेची मोजणी

तासन्‌तास उताणे पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडावर आधी एक लालसर डाग उमटतो. बोटाने दाबूनही तो फिका पडत नसेल, तर आतल्या मांसाला इजा होऊ लागली आहे असे समजावे, हे नर्सिंगच्या पहिल्या धड्यांपैकी एक. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसतही नाही. तिथे हाताने चाचपून ऊब आणि घट्टपणा पाहावा लागतो. डॉक्टरांच्या धावत्या राउंडमध्ये हा डाग निसटू शकतो, पण अंग पुसणाऱ्या, चादर बदलणाऱ्या सिस्टरच्या हाताला तो लागतो. वृद्धांच्या आरोग्यावरचे परिचारिकांचे संशोधन या हाताला लागलेल्या ज्ञानातून उभे राहिले. ज्ञान हाताला लागणे पुरेसे नाही, ते मोजून, पडताळून दुसऱ्याच्या हाती देता आले पाहिजे, हा या विद्येचा गाभा आहे.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने हे काम पायाशुद्ध केले. त्या काळी बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ नये म्हणून पाठीला तऱ्हेतऱ्हेची मलमे, स्पिरिट, पावडरी चोळत. नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलातल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि 1962 मध्ये अहवाल काढला. चोळण्याने फरक पडत नव्हता, अंगावरचा दाब वेळोवेळी हलवण्याने पडत होता. जखम होण्याआधीच धोका ओळखता यावा म्हणून त्यांनी पाच गोष्टींना गुण दिले: प्रकृती, मनाची जाग, वावर, अंग हलवण्याची क्षमता आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकाला 1 ते 4 गुण. बेरीज 14 किंवा त्याहून कमी भरली, तर धोका. कागद-पेन्सिलीवर दोन मिनिटांत होणारी ही पट्टी आजही शिकवली जाते.

पण शास्त्र एका अहवालावर थांबत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम पुढे जवळजवळ अढळ ठरला होता. परिचारिका-संशोधक नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धनिवासांमध्ये 942 जणांवर तो तपासला. 2013 मध्ये निष्कर्ष आला की घन फोमच्या चांगल्या गाद्या असतील, तर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. या निष्कर्षातली ‘चांगल्या गाद्या असतील तर’ ही अट सुरतेतल्या वाचकाने दोनदा वाचावी. चटईवर गोधडी अंथरून निजलेल्या, उकाड्याने घामेजलेल्या पाठीला हा निष्कर्ष लागू पडतो का, याचे उत्तर त्या अभ्यासात नाही. ते इथेच शोधावे लागेल.

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. उधना-जळगाव रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आली, इथलीच झाली आणि आता म्हातारी होत आहेत. घरातला कर्ता मुलगा बारा तासांच्या पाळीत असतो. सून घरकाम सांभाळून साड्यांवर स्टोन लावण्याचे काम घेते. आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवा, असे डिस्चार्ज कार्डावर लिहिणे सोपे आहे. ते कोण, केव्हा करणार, हा प्रश्न त्या कार्डावर नसतो. मुंबईच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेसने समन्वय केलेल्या आणि 72,000 हून अधिक लोकांपर्यंत पोहोचलेल्या, वृद्धत्वावरच्या ‘लासी’ पाहणीने 2021 मध्ये सांगितले की साठीपुढच्या चारांपैकी तिघांना एखादा तरी दीर्घकाळचा आजार आहे. अशी पाहणी प्रश्नाचा विस्तार दाखवते. लिंबायतच्या एका खोलीत औषधाची गोळी का चुकते, हे मात्र त्या खोलीत जाणारी परिचारिकाच सांगू शकते.

हे काम करायला मनुष्यबळ अगदीच नाही असे नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ प्रबंधांचा साचा ठरलेला असतो. सोयीचा वृद्धाश्रम गाठायचा, पन्नास-साठ जणांची प्रश्नावली भरून घ्यायची, मधुमेह किंवा पडण्याच्या धोक्यावर व्याख्यान द्यायचे, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरायची आणि ज्ञानाचे गुण वाढले असे लिहायचे. नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीचे गुण वाढणारच. आजी पडायच्या थांबल्या का, रात्री न पडता संडासाला जाऊ लागल्या का, हे मोजले जात नाही. बहुसंख्य वृद्ध घरात राहतात, म्हणून वृद्धाश्रमातून त्यांचे चित्र पुरते उभेही राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकट्या विद्यार्थिनीने किती करायचे? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख एकट्याने काम करण्याच्या पद्धतीवर आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: वॉर्डात एका सिस्टरकडे इतके रुग्ण असताना संशोधन ही चैन नाही का? परिचारिका-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतल्या 300 हॉस्पिटलांचा अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पन्नाशीपुढच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. परिचारिकांची कमतरता किती महागात पडते, हे सरकारपुढे मांडायला आज जो भक्कम पुरावा आहे, तो परिचारिकांच्याच संशोधनाने दिला आहे. आणि हाताशी वेळ कमी असेल, तर कोणते काम वगळले तरी चालेल हे बर्गस्ट्रॉम यांच्यासारखा अभ्यासच सांगतो. ज्यांच्याकडे माणसे कमी, त्यांना या ज्ञानाची गरज अधिक.

तिसरा आक्षेप घराघरात ऐकू येतो: आपल्याकडे म्हाताऱ्यांचे घरची माणसे करतात, त्यात संशोधन कसले? घरची माया हे या शुश्रूषेचे मोठे बळ आहे, पण दिशा ठाऊक नसेल तर मायाही दमते. मेरी नेलर या परिचारिकेने फिलाडेल्फियात 363 वृद्ध रुग्णांवर प्रयोग केला. प्रशिक्षित परिचारिकेने डिस्चार्जची तयारी करून घेतली आणि नंतर घरी जाऊन पाहिले, तेव्हा चोवीस आठवड्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचे प्रमाण 37 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले. 1999 चा हा निष्कर्ष घरच्या माणसांना बाजूला सारत नाही, त्यांच्या पाठीशी कुणीतरी जाणते उभे करतो.

प्लेगच्या साथीनंतर महानगरपालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात अधिकाऱ्यांनी रोज रस्त्यावर उतरून पाहायचे आणि त्याचा लगेच आढावा घ्यायचा, या शिस्तीने सुरत सावरली. तीच शिस्त आता म्हातारपणासाठी हवी. सुरतेतल्या नर्सिंग महाविद्यालयांनी दरवर्षी नवा विषय शोधण्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा: हॉस्पिटलातून घरी गेलेल्या वृद्धांचे पुढचे सहा महिने कसे जातात? पहिल्या तुकडीने लिंबायत-उधन्यातली घरे गाठावीत आणि पुढच्या तुकड्यांनी त्याच घरांत, त्याच पट्ट्यांनी, घरच्यांच्या बोलीत विचारपूस करत नोंदी वाढवाव्यात. महानगरपालिकेने आरोग्य केंद्रांची दारे उघडावीत आणि विद्यापीठाने अशा एकमेकांना जोडलेल्या प्रबंधांना मान्यता द्यावी. चार-पाच वर्षांत गोधडीवरच्या पाठीला किती वेळाने वळवावे, याचे उत्तर सुरतेकडे स्वतःचे असेल आणि ते देशातल्या प्रत्येक गिरणगावाला उपयोगी पडेल.