दुकानाचे बारसे

बी. कॉम., द्वितीय वर्ष

बाळाच्या बारशाला आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. दुकानाचे नाव मात्र आपण थेट पेंटरच्या कानात सांगतो, आणि ते चुकले तर खर्च अंगावर येतो. माझ्या मामांच्या अंगावर तो आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मामा भोपाळला इंद्रपुरीत राहतात. 'भेल'मधून निवृत्त झाल्यावर मामींच्या हातच्या चकल्या, शंकरपाळे व भाजणी विकायची असे दोघांनी ठरवले. नाव ठेवले 'फराळघर'. आमच्या बेळगावात या नावाला कोणी हसले नसते. पण हिंदीत 'ळ' नाही. शेजारी 'फराल' म्हणू लागले, आणि एका पोराने तर 'फरार घर' करून टाकले! कानडी जाणणाऱ्या वाचकांना 'ल' आणि 'ळ' यांतले अंतर सांगायला नको. 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासाडी! तेव्हा पहिला नियम असा, की नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात बसले पाहिजे.

मामांनी दुसरे नाव निवडले आणि उत्साहाच्या भरात एक हजार डबे छापून घेतले. दोन महिन्यांनी एका व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. उच्चाराने तसेच असलेले त्याचे नाव आधीच नोंदलेले होते. मामांनी दुकानाचा परवाना पुढे केला. पण त्याचा उपयोग झाला नाही. डब्यांचे पैसे मामींच्या साठवणीतून गेले होते. ते बुडाले.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. दुकानाचा परवाना, उद्यम नोंदणी किंवा जी.एस.टी. क्रमांक मिळाला म्हणजे नाव आपले झाले, असे नाही. या नोंदी धंद्याच्या असतात. कंपनी स्थापन करताना मंजूर झालेले नावसुद्धा आपोआप ट्रेडमार्क ठरत नाही. नावावरचा हक्क पक्का करायचा तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी करावी. ती दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. अर्जापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा, आणि तो केवळ अक्षरांनी नव्हे, उच्चारानेही घ्यावा. 'महिंद्र अँड महिंद्र' या कंपनीने 'महेंद्र अँड महेंद्र' नावाच्या कागद कंपनीविरुद्ध दावा लावला होता. धंदा निराळा, अक्षरेही थोडी निराळी. तरीही २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाव वापरण्यावरील मनाई कायम ठेवली.

मग नाव असावे तरी कसे? 'शुद्ध मसाले' किंवा 'ताजी भाजणी' अशी नावे सोपी वाटतात, पण ती मालाचे नुसते वर्णन करतात. असे शब्द सगळ्यांच्याच वापरातले असल्याने एकट्याच्या नावावर ते सहसा नोंदले जात नाहीत. उलट दांडेकरांची शाई पाहा. उंटाचा शाईशी काय संबंध? पण 'कॅमल' हे नाव लक्षात राहिले, आणि त्यातूनच पुढे 'कॅमलिन' झाले. 'विको' हे तर 'विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी'चे संक्षिप्त रूप. दोन अक्षरे, कोणत्याही भाषेत उच्चारायला सोपी.

शेवटचा नियम आमच्या गावानेच शिकवला आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढे सायकली गेल्या, लोखंडी नांगर आले, मग पंप आले. १९१० साली गावही सुटले व कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुकानाचे नाव 'बेळगाव सायकल मार्ट' असते, तर ते तिथे शोभले असते का? नाव अंगरख्यासारखे थोडे सैल शिवावे. धंदा वाढला तरी अंगात बसावे.

अर्थात 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असे झाले तर उत्तम नावही काही कामाचे नाही. मामींच्या चकलीबद्दल ती काळजी नाही. त्यांनी आता चार नावे काढली आहेत. ती शेजारच्या मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतली. दोन बाद झाली. उरलेल्या दोहोंचा शोध घेणे माझ्याकडे आहे. ती नावे कोणती हे मात्र इथे सांगत नाही. अर्ज अजून दाखल व्हायचा आहे, आणि नवे डबेही छापायचे आहेत.