न्यायाच्या पायऱ्या (भाग ६) : थोरली पाती, धाकटी पाती

देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत. तुळजाभवानी ही बडी माता. चामुंडा ही छोटी माता. टेकडीखाली राज्यंही दोन होती. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांची, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, शेजारचं धारही झालं. पण थोरली-धाकटी हा भेद आपल्या न्यायव्यवस्थेत अजून नांदतो आहे, आणि तो दिसतो न्यायाधीशाला घरी पाठवायची वेळ येते तेव्हा.

मागच्या भागात नेमणुकीचं पाहिलं. आज काढून टाकण्याचं.

आधी एक शब्द दुरुस्त करून घेऊ. वर्तमानपत्रं ‘महाभियोग’ म्हणतात, पण राज्यघटनेत महाभियोग आहे तो राष्ट्रपतींसाठी, कलम ६१ मध्ये. न्यायाधीशांबाबत घटना साधं ‘पदावरून दूर करणे’ म्हणते. कलम १२४(४) सर्वोच्च न्यायालयासाठी, आणि २१७-२१८ मधून तीच पद्धत उच्च न्यायालयांना. म्हणजे धार-देवासची अपिलं जिथं जातात त्या इंदूर खंडपीठावरच्या न्यायमूर्तींनाही तीच. कारणं दोनच : सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा असमर्थता.

लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांनी सही करायची. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी प्रस्ताव दाखल करून घेतला, तर १९६८ च्या कायद्यानुसार तिघांची समिती बसते : सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेपंडित. समितीनं निर्दोष म्हटलं की विषय संपला. दोषी म्हटलं तर दोन्ही सभागृहांत, एकाच अधिवेशनात, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं.

‘हजर राहून मत देणारे’ आणि ‘एकूण सदस्य’ यांतला फरक किती महागात पडतो, ते ११ मे १९९३ ला दिसलं. न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या चौदापैकी अकरा आरोपांत न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीला तथ्य आढळलं होतं. अध्यक्षांच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील. मतं पडली : बाजूनं १९६, विरुद्ध शून्य. तरी ठराव पडला, कारण काँग्रेसचे २०५ सदस्य समोर बसून राहिले आणि मतच दिलं नाही. विरोधात हात वर करण्याची लाज वाटली म्हणावं, की हीच खरी हुशारी? मला दुसरं जास्त पटतं. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेनं मंजूर केला, पण लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्या. यशवंत वर्मांसाठी समिती नेमली गेली, तोवर या वाटेनं एकही न्यायाधीश पदावरून गेलेला नव्हता. अमेरिकेच्या संसदेनं आजवर आठ फेडरल न्यायाधीश घालवले आहेत. तिथंही सिनेटमध्ये दोन-तृतीयांश लागतातच.

ही झाली थोरली पाती. आता धाकटी.

देवासच्या जिल्हा न्यायालयात पेशीला आलेल्या माणसाला घटनेचं कलम १२४ कधी भेटत नाही. त्याला भेटतो सिव्हिल जज. या जजचं सगळं, म्हणजे बदली, बढती, गोपनीय शेरा, कलम २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या हातात. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या सहा महिला दिवाणी न्यायाधीशांची सेवा परिविक्षेच्या काळात संपवली गेली. संसद नाही, सह्या नाहीत : उच्च न्यायालयाची शिफारस आणि सरकारचा आदेश, एवढंच. प्रकरणं निकाली काढण्याचं प्रमाण कमी, हे त्यातलं एक कारण. त्या आकड्यांत कोविडचा काळ होता आणि एकीचा गर्भपातही. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. चौघी २०२४ मध्ये परत आल्या, उरलेल्या दोघींच्या सेवासमाप्तीचे आदेश न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०२५ ला रद्द केले.

आणि एका प्रकरणात या दोन्ही पात्या समोरासमोर आल्या, तेही आपल्याच राज्यात. ग्वाल्हेरच्या एका अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश महिलेची २०१४ च्या जुलैमध्ये, शैक्षणिक वर्ष चालू असताना, सिधीला बदली झाली. मुलगी बारावीला होती. आठ महिने थांबू द्या, ही विनंती नामंजूर झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी उच्च न्यायालयाचे न्या. एस. के. गंगेले यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला होता. राज्यसभेच्या ५८ सदस्यांनी सह्या केल्या, सभापती हमीद अन्सारींनी प्रस्ताव दाखल करून घेतला, समिती बसली. डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल सभागृहात आला : छळाचा आरोप सिद्ध झाला नाही. न्यायमूर्तींच्या दृष्टीनं प्रकरण तिथं मिटलं, आणि ठरलेल्या वयाला ते निवृत्त झाले.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिची फारशी चर्चा झाली नाही. बदली नियमाला धरून नव्हती, आणि या बाईंना परत यायचं असेल तर घ्यावं, असं समितीनं म्हटलं होतं. उच्च न्यायालयानं घेतलं नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० फेब्रुवारी २०२२ ला न्या. एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी निकाल दिला : राजीनामा स्वेच्छेचा मानता येणार नाही, पुन्हा रुजू करून घ्या, सेवा अखंड धरा. मधल्या साडेसात वर्षांचा पगार मात्र नाही.