गनिमी कावा बाजारात चालत नाही



ओरगडमहून बोलतोय. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला, मोटारी, ट्रक आणि मोटरसायकली बनवणाऱ्या कारखान्यांचा हा पट्टा आहे. चाकण डोळ्यांसमोर आणा, फक्त पाट्या तमिळमध्ये. माझा पुतण्या इथे एका कारखान्यात नोकरीला आहे. मी स्वतः १९८० च्या दशकात इथल्याच सेंट थॉमस माउंटवरच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून अधिकारी होऊन बाहेर पडलो. त्यामुळे निवृत्तीनंतर 'काका, इकडेच या' असं त्याने म्हटल्यावर फार विचार करावा लागला नाही.

आजचा विषय माझ्या वयाला शोभत नाही, असं सौ. म्हणते. विषय आहे व्हिडिओ गेमचा. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या खेळाचा, आणि तो बाजारात येण्याआधी लोकांनी त्याची वाट का पाहावी, या प्रश्नाचा. हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. माझ्या एका चुकीच्या सल्ल्यामुळे पोराची दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली. ती कशी गेली, हे समजून घेताना जे शिकलो, ते सांगतो.

पुतण्या ड्यूटी संपवून रात्री खेळ बनवत असे. खेळ असा: कोकणातली एक मुलगी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन घरी निघाली आहे. वाटेत साकव मोडलेला. फळ्या, दगड, दोर वापरून तिने वाट करायची. हंड्यातलं पाणी डुचमळतं, तोल जातो, फळी वाकते. इंजिनिअर कोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हा खेळ आवडणारच. मी म्हटलं, "उत्तम आहे. पण पूर्ण होईपर्यंत कोणाला दाखवू नकोस. कल्पना चोरतील. एकदम बाहेर काढ, लोकांना चकित कर."

सैन्यातली सवय. हल्ला कधी, कुठून, हे कोणाला कळता कामा नये. पोराने माझं ऐकलं. एका रविवारी रात्री खेळ इंटरनेटवर विक्रीला लागला. पहिल्या महिन्यात १९ प्रती खपल्या, त्यातल्या सात आमच्याच नातेवाइकांनी घेतलेल्या. "असू दे काका," एवढंच तो म्हणाला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. अशा खेळाला भौतिकशास्त्रावर चालणारा खेळ म्हणतात. साध्या खेळात दगड कुठे पडणार हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. इथे तसं नसतं. प्रत्येक वस्तूला वजन, घर्षण, लवचीकपणा दिलेला असतो आणि संगणक सेकंदाला कित्येक वेळा हिशोब करतो की कोणता जोर कुठे लागतोय. उत्तर एकच नसतं. तुमचा पूल वेगळा, माझा वेगळा. दोन्ही टिकले तर दोन्ही बरोबर.

आम्ही बेली ब्रिज बांधायचो, त्याची इथे आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने तो तयार केला. दहा फूट लांबीच्या पोलादी चौकटी, एक चौकट सहा जवान उचलू शकतील एवढ्या वजनाची. एका काठावर जोडत जायचं आणि रोलरवरून पुढे ढकलत न्यायचं. मागचं वजन पुढच्यापेक्षा जास्त राहिलं पाहिजे, नाहीतर सगळा सांगाडा नदीत. हा हिशोब मी पुस्तकात वाचला होता, पण समजला तो पूल डुगडुगताना पाहिल्यावर. या खेळांची गंमत नेमकी तीच आहे. ते सांगून कळत नाहीत, हात लावल्यावर कळतात. माझी चूक इथेच सुरू होते, कारण मी हातच लावू दिला नाही.

आता ज्या खेळाने मला हे शिकवलं, त्याची गोष्ट. नाव 'वर्ल्ड ऑफ गू'. २००५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी एक उपक्रम हाती घेतला. नियम असा की प्रत्येकाने एकट्याने, सात दिवसांच्या आत, एक छोटा खेळ पुरा करायचा. त्यातल्या काइल गॅब्लरने 'टॉवर ऑफ गू' बनवला. चिकट गोळे एकमेकांना जोडून उंच मनोरा रचायचा, एवढंच. मनोरा डोलतो, कलतो, कोसळतो. हा छोटा खेळ त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवला.

पुढे गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांनी ईए या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि 'टूडी बॉय' नावाची आपली छोटी संस्था काढली. पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या अशा मंडळींच्या खेळाला 'इंडी' म्हणतात. त्या छोट्या मनोऱ्याचाच त्यांनी मोठा खेळ केला. तो १३ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत आला. डबा नाही, तबकडी नाही, थेट डाउनलोड. मोठ्या जाहिरातबाजीला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता. तरीही तो यायच्या आधीपासून लोक त्याची वाट पाहत होते. का?

एक, मनोऱ्याचा फुकट खेळ लोकांनी आधीच खेळलेला होता. दोन, फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे खेळ यायच्या आठ महिने आधी, स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात त्याला कल्पकतेचा आणि तंत्राचा अशी दोन बक्षिसं मिळाली. अपुरा खेळ परीक्षकांपुढे ठेवायला ते लाजले नाहीत. तीन, जो आगाऊ पैसे भरेल त्याला पहिला अध्याय लगेच खेळायला मिळत होता. वचनाच्या जोडीला वानगी दिली. आपल्याकडे आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो, तसंच हे.

हा एकट्याचा योगायोग नव्हता. त्याच महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स' हाही याच जातीचा खेळ. फिनलंडच्या पेट्री पुर्होने बनवलेला. खडूने काढलेली रेघ खरी वस्तू होऊन खाली पडते, याचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला आणि खेळ विक्रीला यायच्या कितीतरी आधी लोकांना तो हवासा झाला. डेन्मार्कचा 'लिंबो' पाहा. काळ्या-करड्या जंगलातून चालणारा एक लहान मुलगा, उड्या, खोकी, दोर आणि कोडी. त्याची छोटी चित्रफीत आर्न्ट येन्सनने २००६ साली बाहेर सोडली, ती मुख्यतः प्रोग्रॅमर मिळावा म्हणून. मदतनीस मिळाले आणि वाट पाहणारे लोकही. खेळ आला जुलै २०१० मध्ये. चार वर्षं कल्पना उघड्यावर पडलेली होती. माझ्या भीतीप्रमाणे ती कोणी चोरून नेली नाही, कारण कल्पना सोपी असते, ती चार वर्षं निभावणं अवघड.

आजची पद्धत कशी चालते तेही सांगतो, कारण घरात असा उद्योग करणारी मुलं बऱ्याच जणांकडे असतील. संगणकावरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. एका खेळाची नोंदणी १०० डॉलरला होते. खेळ यायच्या आधी त्याचं 'लवकरच येत आहे' असं पान लावावं लागतं, निदान दोन आठवडे. त्या पानावर लोक खेळ आपल्या 'विशलिस्ट'मध्ये, म्हणजे हव्या असलेल्या गोष्टींच्या यादीत टाकतात. ज्या दिवशी खेळ येतो त्या दिवशी त्या सगळ्यांना दुकानाकडून ईमेल जातं. म्हणजे ती यादी हीच तुमची पहिल्या दिवसाची फौज. आमच्या पोराने माझ्या सांगण्यावरून ते पान कमीत कमी दिवस लावलं. यादीत होते मोजके लोक.

शिवाय 'नेक्स्ट फेस्ट' नावाची एक जत्रा वर्षातून तीनदा भरते. तिथे येऊ घातलेल्या खेळांचे फुकट नमुने लोक खेळून पाहतात. एका खेळाला ही जत्रा एकदाच मिळते आणि तीही विक्री सुरू होण्याआधी. विक्री सुरू झाली की दार बंद. हे मला कळलं तेव्हा आमचं दार बंद होऊन दोन महिने झाले होते. हंडेवाल्या मुलीला ती जत्रा आता कधीच मिळणार नाही. माझ्या सल्ल्याची खरी किंमत ही.

वाट पाहायला लावली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' घ्या. तो कोड्यांपेक्षा लढाईचा खेळ, पण घरचं उदाहरण म्हणून सांगतो. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर आवाहन केलं. ठरवलेली रक्कम जमली नाही. दुसरा कोणी गाशा गुंडाळून बसला असता. ते बनवत राहिले, दाखवत राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडोने आपल्या कार्यक्रमात तो दाखवला आणि त्याच दिवशी तो विक्रीला आला. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळालं.

हे वाचून मी पुतण्याला म्हटलं होतं, "बघ, त्यांनीही एकदम बाहेर काढला!" तो म्हणाला, "काका, तारीख एकदम सांगितली. खेळ लोकांना तीन वर्षं माहीत होता." गप्प बसलो.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. 'वर्ल्ड ऑफ गू' संगणकावर विकताना त्यांनी चोरी रोखणारं कुलूप लावलं नाही. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे खेळणाऱ्यांतले ८० ते ९० टक्के लोक फुकटे होते. मी असतो तर दुसऱ्या दिवशी पहारा बसवला असता. त्यांनी उलट केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये, खेळाच्या पहिल्या वाढदिवसाला, जाहीर केलं की हवे तेवढे पैसे द्या, एक सेंटसुद्धा चालेल. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी खेळ घेतला. सरासरी किंमत पडली दोन डॉलर, मूळ किंमत २० डॉलर. कमी वाटते, पण वर्षभर जुना झालेल्या खेळाचे आठवड्यात लाखावर डॉलर झाले. पुढे मे २०१० मध्ये पाच इंडी खेळांचा एक गठ्ठा याच रीतीने विकला गेला. 'हम्बल इंडी बंडल' त्याचं नाव, आणि त्यातही हा खेळ होता. त्या गठ्ठ्याने बारा लाखांहून जास्त डॉलर जमवले, त्यातला वाटा धर्मादाय संस्थांना गेला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू २' आला, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीचे लोक वाट पाहत होतेच.

मंडळी, शत्रूला कळता कामा नये आणि गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. मी आयुष्यभर पहिलं शिकलो आणि दुसऱ्याच्या जागी तेच वापरलं. गनिमी कावा सह्याद्रीत शोभतो. आठवड्याच्या बाजारात टोपलीवरचं फडकं काढावंच लागतं.

आमचं पुढे काय? जुन्या खेळाला आता पहिल्या तीन साकवांचा फुकट नमुना जोडला आहे. तेवढं विक्रीनंतरही करता येतं. खप थोडा हलला, फार नाही. पोराने दुसरा खेळ घेतला आहे. गेल्या शनिवारी तो लॅपटॉप घेऊन जेवायच्या मेसमध्ये गेला. अर्धवट खेळ, रंगसुद्धा भरलेले नाहीत. तिथला तमिळ वाढपी पोरगा पाच मिनिटं खेळला, त्याचा पूल तीनदा कोसळला, चौथ्यांदा उभा राहिला. मग त्याने आतून आचाऱ्याला हाक मारून बोलावलं.

मी बाजूच्या टेबलावर कॉफी घेत बसलो होतो. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी सल्ला दिला नाही.