कडेचं काम

वडप्याला नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं पसरली आहेत. समृद्धी महामार्गाचं शेवटचं टोक आमण्याला, म्हणजे जवळच आलं. जून २०२५ मध्ये तो टप्पा खुला झाल्यापासून कंटेनरांची वर्दळ आणखी वाढली. गोदामांच्या मागे पत्र्याच्या लहान लहान शेडी आहेत. त्यांतल्या एकीत अ‍ॅक्रिलिकचं काम चालतं : नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, काउंटरवर ठेवायच्या पारदर्शक पेट्या. मी तिथे गेलो तो कडा पाहायला.

शीटचा पृष्ठभाग कारखान्यातूनच गुळगुळीत येतो. त्यावर चिकटवलेला संरक्षक कागद शेवटपर्यंत काढत नाहीत. कारागिराची परीक्षा असते ती कडेवर. करवतीचे दात तिथे आडव्या रेघा सोडतात आणि एरवी आरपार दिसणारं अ‍ॅक्रिलिक कडेला पांढुरकं, आंधळं होतं. प्रत्येक चरा प्रकाश भलतीकडे फेकतो, म्हणून ते पांढरं दिसतं. चकाकी वरून चढवता येत नाही. चरे बारीक करत करत डोळ्याला दिसेनासे करायचे, एवढंच हातात असतं.

पट्टी व्हाइसमध्ये धरली. जबड्यांना लाकडी फळ्या, नाहीतर दात उमटतात. पहिल्यांदा कानस. कानशीवर खडू घासून घेतला, म्हणजे दातांत भुसा अडकत नाही. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. करवतीच्या रेघा गेल्या की कानस बाजूला.

मग या कामाचं खरं हत्यार : हॅकसॉचं तुटलेलं पातं. त्याची पाठ ग्राइंडरवर सरळ घासून तिचे दोन्ही कोपरे धारदार केलेले. पातं जवळजवळ उभं धरून कडेवरून स्वतःकडे ओढायचं. हात बसलेला असेल तर अ‍ॅक्रिलिकची अखंड, केसासारखी बारीक साल निघते. पातं कलतं झालं किंवा मनगट ढिलं पडलं की ते थरथरतं आणि कडेवर बारीक लाटा उठतात. लाटा उठल्या हे कारागिराला आधी आवाजावरून कळतं. बाजारात तयार स्क्रेपर मिळतात, पण मी पाहिलेली सगळ्यात नितळ कड या फुकटच्या पात्यानं काढलेली होती.

“दाबू नका भाऊ, तापेल,” माझ्या हातात पातं दिल्यावर तिथले कारागीर काका म्हणाले. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि घासण्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापलं की साल सुटायच्याऐवजी चिकटते. स्वस्तातली एक्स्ट्रुडेड शीट यात जास्त त्रास देते. कास्ट शीट कानशीला आणि पात्याला चांगली उतरते.

पुढे पाणी पेपर (ओला वापरायचा घासकागद), लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून. आधी ४००, मग ६००, ८००, १०००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा थोडी बदलायची, म्हणजे मागच्या पेपरचे चरे राहिलेत का ते लगेच दिसतं. घाईत एक नंबर गाळला तर तो शेवटी बफवर उघडा पडतो. बोटानं पेपर दाबणाऱ्याची कड मधोमध खोलगट आणि कोपऱ्यांना गोल होते, म्हणून ठोकळा. अखेर कापडाच्या बफवर पॉलिश, तेही हलक्या हातानं.

जी कड चिकटवायची ती मात्र पॉलिश करत नाहीत. पात्यानं सपाट केली की थांबायचं. दोन सपाट कडा टेकवून सुईच्या सिरिंजनं क्लोरोफॉर्म सोडला की तो केशाकर्षणानं फटीत आपोआप धावतो आणि दोन्ही तुकडे विरघळून एक होतात. बफनं कोपरा जरासा गोल झाला असला तर तिथे बुडबुडे राहतात. हे काम उघड्या दारापाशी चाललं होतं, पण मास्क कोणाच्याच तोंडावर नव्हता. क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला मारक असते. कौतुकाच्या भरात हे लिहायचं राहून जाऊ नये.

झटपट चकाकीचा रस्ताही आहे : गॅसची ज्योत कडेवरून झरकन फिरवायची. काही क्षणांत कड काचेगत लखलखते. पण वितळून थिजलेल्या त्या थरात ताण अडकून बसतो आणि पुढे क्लोरोफॉर्म किंवा अल्कोहोल लागलं की तिथे जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. २०२० मध्ये दुकानादुकानांत लागलेले अ‍ॅक्रिलिकचे पडदे रोज सॅनिटायझरनं पुसले जात होते. ज्योतीनं चमकवलेल्या कडा अशा पुसण्यानं तडकू शकतात. ज्योतीनं काम स्वस्त पडतं, हे खरं. पण चिकटवायच्या किंवा रोज हाताळायच्या वस्तूला ती लावू नये, असं माझं मत झालं आहे.

तयार पेटीवरचा कागद सोलला की ती विजेनं भारली जाते आणि महामार्गाची धूळ ओढून घेते. कोरडं फडकं फिरवलं तर तीच धूळ पेपरचं काम करते. तुमच्या घरात किंवा दुकानात अ‍ॅक्रिलिक असेल तर त्याला स्पिरिट, सॅनिटायझर आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव लावू नका. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग साबणाचं पाणी आणि मऊ ओलं सुती फडकं पुरे.