टायर रुंद घेतला की झालं?

आमच्या भागात रुंद चाकावरचा विश्वास रानातून आला आहे. लाकडी बैलगाडीच्या चाकाला अरुंद लोखंडी धाव असायची. पावसाळ्यात काळ्या रानात ती गाडी आसापर्यंत रुतायची, आणि बैल तोंडाला फेस येईपर्यंत ओढत राहायचे. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि तेवढंच ओझं तिनं चिखलावरून ओढून आणलं. मुरूमच्या विठ्ठलसाई कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून चारचाकीला नवे मॅगव्हील टाकायचे ठरले, की पहिला प्रश्न असतो, "जरा रुंदच बसवू ना?" रानात हे बरोबर आहे. पण येणेगूरला हायवेला लागलं की हिशोब बदलतो.

"रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो" हा सगळ्यात पक्का गैरसमज. माणसांसकट गाडी 1,000 किलोची धरू, म्हणजे एका चाकावर साधारण 250 किलो. टायरमध्ये 33ची हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो दाब होतो. भागाकार केला की 108 चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टाचं साधं कार्ड 14 बाय 9 सेंटिमीटरचं, म्हणजे 126. कार्डाहूनही थोड्या कमी जागेवर एक चाक उभं असतं! या भागाकारात टायरची रुंदी कुठे आलीच नाही. टायरच्या अंगच्या ताठपणानं थोडा फरक पडतो, पण थोडाच. 185 मिलिमीटर रुंदीचा टायर काढून 205चा घातला आणि हवा तीच ठेवली, तर टेकणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते. आकार मात्र बदलतो: आडवी वाढते, उभी आखडते.

आकार बदलल्याचा फायदा नाही असं नाही. कोरड्या रस्त्यावर, वळणात, गाडी नेमकी वळते. पण पाऊस पडून हायवेवर पाण्याचा थर साचला, की रुंद टायरला वाटेतलं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि वेगात ते जमलं नाही तर तो अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगायला लागतो. नक्षी झिजलेली असेल तर आणखी लवकर. कायद्यानं खाचेची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

आता टायरवरचा आकडा. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलवर 185/65 आर 15 असतो. यातला 'आर' म्हणजे रेडियस, असं भलेभले सांगतात. तो रेडियल आहे, टायरच्या आतल्या धाग्यांची मांडणी सांगणारा. मिशेलिननं 1946 साली तिचं पेटंट घेतलं होतं. 15 हा रिमचा व्यास, इंचात. आणि 65 हे मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत: टायरच्या भिंतीची उंची 185च्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटर. सगळा घोळ इथेच होतो. रुंदी वाढवून टक्के तेच ठेवले, की टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो.

मांडून बघा. 185/65 आर 15ची एकूण उंची 621.5 मिलिमीटर. स्विफ्टच्याच खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 असतो, त्याची 619.6. कंपनीनं रुंदी 20 मिलिमीटरनं बदलली, पण उंची जवळपास हलू दिली नाही. दुकानात 205/65 आर 15 बसवून घेतला, तर उंची 647.5 होते, चार टक्क्यांनी जास्त. काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा चार टक्के जास्त पळत असेल. शिवाय पाच माणसं घालून तुळजापूरला निघालात, की खड्ड्यात टायर मडगार्डला आतून घासणार. 195 हवाच असेल तर 60 टक्क्यांचा घ्यावा. उंची 615 येते, एका टक्क्याच्या आसपास कमी.

"रिमवर बसला म्हणजे चालतो" हे ऐकलं की मला भीती वाटते. मशीन काहीही चढवतं! मॅगव्हीलच्या मागच्या अंगाला, काड्यांच्या पाठीवर, 15 बाय 6 जे असं कोरलेलं असतं. 6 ही रिमची रुंदी, इंचात. 185/65 आर 15ला 5 ते साडेसहा इंची रिम चालतो. त्याहून अरुंद रिमवर टायर फुगल्यासारखा बसतो, मधोमध झिजतो. रुंद रिमवर तो ताणला जातो आणि रिमची कड उघडी पडते, ती पहिल्याच खड्ड्यात वाकते. त्यातही रिम अर्धा इंच रुंद घेतला, की तोच टायर साधारण 5 मिलिमीटरनं रुंद होतो. म्हणजे टायरवर 195 छापलं असलं, तरी तो प्रत्येक रिमवर 195 भरत नाही.

(मॅग हे नाव मॅग्नेशियमवरून आलं. आपल्याकडे मिळतात ते बहुतेक सगळे ॲल्युमिनियमचे.)

रुंद टायर जास्त वजन झेलतो, हेही तसंच. आकड्यांच्या शेवटी 88 एच असं असतं. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो. 195/55 आर 16वर बहुधा 87 दिसतो, म्हणजे 545 किलो. रुंद असून कमी, कारण भिंत बुटकी, आत हवा कमी. बुटक्या भिंतीला खड्ड्यात फुगा येतो तोही त्यामुळेच. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाऊ देऊ नये.

बाकी ॲव्हरेज पडतं, स्टिअरिंग जड होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52चा मात्र कुणी विचार करत नाही. कंपनीनं ठरवलेल्या मापांपलीकडे गाडीत बदल केला, तर अपघातानंतर विमा मागताना तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी दिलेली मापं पुस्तिकेत आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतात. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून घ्यावा.

मी 6 इंची रिम घेतले आणि टायर 185चेच ठेवले. दुकानदार म्हणाला, "बारीक दिसतील बघा, सर." मी म्हटलं, दिसू द्या, आधी टायर उलटा करा. बाजूला चार आकडे होते, 0823. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2023चा आठवा आठवडा. तो काही न बोलता आत गेला आणि दुसरे घेऊन आला.