चाकांवरचें बिऱ्हाड

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला यात्रेकरूंच्या गाड्यांचें नवल कधींच नव्हतें. जवळच नृसिंहवाडीचें दत्तक्षेत्र, पूर्वेस खिद्रापूरचें कोपेश्वराचें मंदिर आणि दूर कर्नाटकांत सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. अशा ठिकाणीं सहकुटुंब जावयाचें म्हणजे पूर्वीं गाडी जुंपावयाची, साट्यावर पेंढा पसरून घोंगडें अंथरावयाचें, वर कमानी बांधून आडोसा करावयाचा आणि शिधा, भांडीं, पाण्याची घागर बरोबर घ्यावयाची. रात्र पडली कीं बैल सोडावयाचे, तीन दगडांची चूल मांडावयाची आणि म्हाताऱ्यांनीं व मुलांनीं गाडींत निजावयाचें. तें चाकांवरचें बिऱ्हाडच होतें.

एस. टी. आली, मोटारी आल्या आणि तें बिऱ्हाड मोडलें. आतां तेंच नव्या रूपानें परत येत आहे. मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचा, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर घ्यावा असें पुष्कळ कुटुंबांच्या मनांत येऊं लागलें आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें, त्यामुळें या हौसेला राजमान्यताही मिळाली. तेव्हां असा ट्रेलर कसा पारखावा, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ही हौस मूळची इंग्लंडमधली. इ. स. १८८५ मध्यें डॉ. गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतील निवृत्त डॉक्टरानें केवळ सहलीसाठीं ‘वाँडरर’ नांवाची घरगाडी ब्रिस्टल येथें बांधवून घेतली. आंत पलंग, पुस्तकें, सर्व थाट होता. पण तिचें वजन सुमारें दोन टन भरलें आणि ती ओढावयास दोन घोडे लागले. रस्ता मोकळा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याचा नोकर तीन चाकांच्या सायकलीवर पुढें जात असे. घर सोयीचें झालें, पण ओढणाराची व वाटेची काळजी वाढली. ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढें आजही हाच प्रश्न आहे.

दुकानांत किंवा प्रदर्शनांत गेलेलें कुटुंब प्रथम गादी दाबून पाहतें, कपाटें उघडून पाहतें, दिवे लावून पाहतें. परीक्षा येथून सुरू झाली कीं ती चुकलीच. पहिला प्रश्न असा असावा, कीं आपली मोटार किती वजन सुरक्षितपणें ओढूं शकते? याचें उत्तर विक्रेत्याला विचारूं नये. तें मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावें. कित्येक लहान मोटारींच्या पुस्तिकेंत असा आंकडाच नसतो, किंवा ओढकाम करूं नये असें स्पष्ट लिहिलेलें असतें. अशा मोटारीमागें ट्रेलर लावण्याचा विचार सोडून द्यावा. ब्रिटनमध्यें नवशिक्यांना असें सांगतात, कीं भरलेल्या ट्रेलरचें वजन रिकाम्या मोटारीच्या वजनाच्या शेंकडा ८५ हून अधिक नसावें. म्हणजे १,००० किलोच्या मोटारीमागें ८५० किलो ही शेवटची मर्यादा. पुस्तिकेंतील आंकडा याहून कमी असेल तर तोच प्रमाण मानावा.

येथें ‘भरलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पांच माणसांच्या कुटुंबाचा एक हिशेब मांडून पाहूं. रिकामा ट्रेलर ४५० किलोचा आहे असें धरूं. पाण्याची ८० लिटरची टाकी भरली कीं ८० किलो झाले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गॅसची लहान टाकी व शेगडी मिळून २०, कपडे व अंथरुणें ७०, भांडीं व शिधा ४०, दिव्यांसाठीं बॅटरी ३०, बाहेर ताणावयाचें कापड व खुंट्या १०. हे झाले २५० किलो. कागदावर ४५० किलोचा असलेला ट्रेलर रस्त्यावर ७०० किलोचा होऊन निघतो. पत्रकावर छापलेल्या रिकाम्या वजनावर विसंबून राहणारा गृहस्थ असा फसतो. ट्रेलरची चौकट, आंस आणि टायर मिळून कमाल किती वजन पेलूं शकतात याचा आंकडा वेगळा असतो. तोही पाहावा आणि सामान भरून एकदां वजनकाट्यावर जाऊन यावें. उसाच्या मुलखांत वजनकाट्यांची वाण नाहीं.

वजनानंतर तोल. ही गोष्ट कुरुंदवाडच्या कोणाही जुन्या गाडीवानाला शिकवावी लागली नसती. ओझें कण्याच्या मागें फार गेलें म्हणजे दांडी वर उचलली जाते आणि जूं बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें. अशा गाडीला ‘उलार’ गाडी म्हणतात. उलट ओझें फार पुढें आलें, तर सारा भार बैलांच्या मानेवर बसतो. गाडीवान पोतीं पुढें-मागें सरकवून असा मेळ बसवी, कीं जुंवावर भार असावा, पण थोडा. दोन चाकांच्या ट्रेलरला हाच नियम अक्षरशः लागूं आहे. मागें ओझें झालें कीं तो वेगांत असतांना शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झोलूं लागतो आणि मोटारीलाही हिसके देतो. पुढें फार ओझें झालें कीं मोटारीचा मागचा भाग खचतो, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं नीट लागत नाहीं. चढावर उसाच्या ट्रॉलीनें ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचललेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें अधिक सांगावयास नको.

हा पुढचा भार किती असावा? ब्रिटनमधील प्रघात भरलेल्या वजनाच्या शेंकडा ५ ते ७ असा आहे. अमेरिकेंत शेंकडा १० ते १५ धरतात. आपल्या ७०० किलोच्या ट्रेलरला पहिल्या हिशेबानें ३५ ते ४९ किलो भार हवा. तो मोजणें अवघड नाहीं. सपाट जागीं ट्रेलर उभा करून, चाकांना उटी लावून, जोडणीच्या तोंडाखालीं लांकडाचा ठोकळा व त्याखालीं माणसांचें वजन करण्याचा कांटा ठेवावा. भार कमी भरला तर जड सामान थोडें पुढें घ्यावें, अधिक भरला तर मागें. जड वस्तु नेहमीं आंसाच्या आसपास व जमिनीलगत असाव्या. वरच्या फळ्यांवर केवळ कपडे. पाण्याची टाकी कोठें बसविली आहे हें विकत घेतांनाच पाहावें, कारण टाकी अगदीं मागें असेल तर ती भरतांच ट्रेलर उलार होईल.

तिसरी परीक्षा ब्रेकची. कुरुंदवाडहून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता सपाटीचा आहे. पण मुलांना समुद्र दाखवावयाचा तर आंबा, करूळ, फोंडा किंवा आंबोली यांपैकीं एखादा घाट उतरावाच लागतो. उतारावर ७०० किलोचें ओझें मागून ढकलीत असतें आणि मोटारीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनापुरतेच बेतलेले असतात. युरोपांत ७५० किलोंवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणें सक्तीचें आहे. घाट उतरणाऱ्या कुटुंबानें त्याहून हलक्या ट्रेलरलाही ते असावे असा आग्रह धरावा. यांतील साधा प्रकार असा: मोटार मंदावली कीं ट्रेलर पुढें रेटतो, त्या रेट्यानें जोडणींतील दांडा मागें सरकतो आणि तोच ट्रेलरचे ब्रेक आवळतो. शिवाय जोडणी तुटलीच तर ताणानें ब्रेक लावणारी एक तार असते. ती आहे काय, हें अवश्य विचारावें. घाट उतरतांना चढावर जो गियर लागला असता तोच ठेवावा. सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात.

ट्रेलर झोलूं लागला तर घाबरून जोरानें ब्रेक दाबूं नयेत, सुकाणूंही झटक्यानें फिरवूं नये. चाक सरळ धरून वेग आपोआप उतरूं द्यावा आणि मग थांबून सामान नीट लावावें. मागें घेतांना ट्रेलर उलट दिशेस वळतो. सुकाणूंच्या चाकाचा खालचा भाग धरावा आणि ट्रेलर ज्या बाजूस न्यावयाचा त्या बाजूस हात न्यावा, म्हणजे गोंधळ होत नाहीं. ही संवय मोकळ्या मैदानावर करावी, गांवच्या बोळांत नव्हे.

एवढें झाल्यावर मग जातीचा विचार करावा. तंबूचा ट्रेलर प्रवासांत पेटीसारखा मिटलेला असतो व मुक्कामीं कापडाच्या भिंती उभारून उघडतो. तो हलका असतो, त्याला वारा कमी लागतो आणि चार-पांच माणसें त्यांत निजूं शकतात. पण पावसांत कापड भिजतें व न वाळवितां मिटल्यास त्याला बुरशी येते. थेंबाच्या आकाराचा लहान ट्रेलर बंदिस्त व आटोपशीर असतो, स्वयंपाकाची जागा पाठीमागें असते. पण तो दोघांपुरता. उभें राहतां येईल असा घट्ट भिंतींचा ट्रेलर वृद्धांना सोयीचा खरा. परंतु तो जड असतो व समोरचा वारा त्याला अडवितो. चार चाकांचा त्याहूनही जड. तो सामान्य मोटारीचें काम नव्हे. आजोबा-आजी व मुलें अशा कुटुंबानें मोटारीला झेपेल तो तंबूचा ट्रेलर घेऊन वृद्धांची सोय गांवांतील धर्मशाळेंत किंवा भक्तनिवासांत करणें अधिक शहाणपणाचें ठरेल.

कोणत्याही ट्रेलरमध्यें प्रवासांत माणसें बसवूं नयेत. ब्रिटनमध्यें ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमधून माणसें नेण्यास मनाई आहे. यात्रेला ट्रॉली भरून माणसें नेण्याची संवय आपल्या अंगवळणीं पडली आहे, म्हणून हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. ओझें वाहण्यासाठीं केलेल्या साट्यांत धरावयास आधार नसतो, आणि उलटतांना तो प्रथम माणसांवरच पडतो.

आंतील व्यवस्थेंत हवा आणि गॅस यांकडे लक्ष द्यावें. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यानें गळल्यास तळाशीं सांचतो. म्हणून तळाजवळ हवा जाण्यास झरोके हवेत व टाकीचा कप्पा बाहेरून उघडणारा हवा. थंडी आहे म्हणून दारें लावून आंत कोळशाची शेगडी पेटविणें प्राणघातक आहे. तिच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेंतच जातो.

मुक्काम कोठें करावा? कृष्णाकांठची काळी जमीन उन्हाळ्यांत दगडासारखी असते आणि एका सरींत चिखल होते. रुतलेला ट्रेलर मग ट्रॅक्टरनेंच निघतो. मुरमाड उंचवटा पाहावा, नदीचा कांठ टाळावा. शिरोळ तालुक्याला पुराबद्दल वेगळें सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अजून सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. अंगणांत उभा असलेला हलका, बंद ट्रेलर पुराच्या पाण्यांत तरंगून वाहून जाऊं शकतो. उलट पावसाळ्यांतही टायरांत हवा आणि जोडणीला वंगण ठेवून तो सज्ज ठेविला, व पाणी रस्त्यावर येण्यापूर्वींच उंच गांवीं हलविला, तर चार दिवस तोच कुटुंबाचें छप्पर होईल. सहलीच्या हौसेचा हा उपयोग नदीकांठच्या घरांनीं विसरूं नये.

व्यवहाराचेंही थोडें पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. परवाना व विमा यांबद्दल प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत पैसे मोजण्यापूर्वींच चौकशी करावी. वर्षांतून दोनदांच जाणें होणार असेल तर प्रथम भाड्यानें घेऊन पाहावें. विकत घेतलाच तर पहिली रात्र स्वतःच्या अंगणांत काढावी. काय विसरलें, काय जास्त झालें, छप्पर कोठें गळतें, हें सारें तेथेंच कळतें.

जुना गाडीवान जूं ठेवण्यापूर्वीं बैलांच्या मानेवरून हात फिरवीत असे. बैल थकला तर तो उभा राही, आणि त्याचें दुःख धन्याला समजे. मोटार तशी थांबत नाहीं. ब्रेक जळल्याचा वास येईपर्यंत ती निमूटपणें ओढते. म्हणून तिच्या वतीनें हिशेब करण्याचें काम घरधन्याचें आहे. वजन, तोल आणि ब्रेक या तीन गोष्टी मनासारख्या उतरल्यावर गादी खुशाल दाबून पाहावी.