मृत्तिकेतून आयनांचा प्रवास

मातीचे धरण बांधताना त्याच्या गाभ्यात चिकणमाती ओली करून ठासून बसवितात. वाळूतून पाणी सहज निथळते. चिकणमाती त्यास अडवून धरते. चिकणमातीत पोकळ जागा कमी असते म्हणून असे घडते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो बरोबर नाही. पाण्याने व्यापलेली जागा तिच्यात पुष्कळदा वाळूइतकी, किंबहुना अधिकही असते. भेद आहे तो छिद्रांच्या आकारात. घट्ट दाबल्या गेलेल्या मृत्तिकेतील बहुतेक वाटा काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट, एवढ्याच रुंद असतात.

तथापि पाणी अडले म्हणजे त्यात विरघळलेले सर्व पदार्थही अडले, असे होत नाही. पाणी निश्चल असले तरी क्षाराचे आयन स्वतःच्या अखंड हालचालीमुळे दाट द्रावणाकडून विरळ द्रावणाकडे पसरत जातात. या क्रियेस विसरण म्हणतात. अणुभट्ट्यांतील किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्ये भूगर्भातील मृत्तिकाखडकात पुरावयाची झाल्यास ती किती काळ तेथे राहतील, हा प्रश्न मुख्यतः विसरणाचा ठरतो.

दोन नियम

या अभ्यासाचा पाया दोन जुन्या नियमांवर उभा आहे. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८५५ साली विसरणाचा नियम मांडला. पुढच्याच वर्षी फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या थरांवरील प्रयोगांवरून सच्छिद्र पदार्थांतील प्रवाहाचा नियम प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडमधील ‘ओपॅलिनस मृत्तिका’ या सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकास हे नियम लावले असता काय दिसते? दाबाचा उतार एकास एक एवढा तीव्र धरला, तरी या खडकाच्या एका चौरस मीटरमधून वर्षभरात पार होणारे पाणी सुमारे ३ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभरही नाही.

विसरणाचा हिशोब निराळा आहे. खडकास न चिकटणारा पदार्थ थरांना काटकोनात १ मीटर पसरण्यास सुमारे ३०० वर्षे घेतो. अंतर दसपट झाले की काळ शतपट होतो. म्हणून १० मीटरांस सुमारे ३० हजार वर्षे लागतात व ५० मीटरांस सुमारे साडेसात लाख. थरांना समांतर दिशेने हीच क्रिया काही पटींनी जलद चालते.

विद्युत्‌भाराचा परिणाम

मृत्तिकेची खनिजे पातळ पापुद्र्यांची बनलेली असतात आणि त्या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे क्लोराइड, आयोडाइड यांसारखे ऋण आयन पृष्ठभागापासून दूर लोटले जातात. अरुंद छिद्रांत त्यांस प्रवेशच मिळत नाही. धन आयन पृष्ठभागाकडे ओढले जातात. सीझियम तर तेथे इतके घट्ट धरले जाते की, त्याची प्रगती फार मंदावते. मात्र धरले गेलेले सर्वच आयन जागच्या जागी खिळून राहतात असे नाही. काही पृष्ठभागालगत सरकत राहतात. म्हणून एकाच छिद्रातून पाणी, आयोडाइड व सीझियम निरनिराळ्या गतीने जातात.

गणिती प्रतिमान रचताना खडकाचे लहान लहान कप्पे कल्पितात. प्रत्येक कप्प्यात मोकळे पाणी किती, भारित पृष्ठभागालगतचे पाणी किती, आणि खनिजास चिकटलेले आयन किती, याचा जमाखर्च संगणक क्षणोक्षणी मांडतो.

प्रयोग आणि निसर्गाची साक्ष

स्वित्झर्लंडच्या ज्युरा प्रांतात मॉन तेरी डोंगराच्या पोटात १९९६ सालापासून एक भूमिगत प्रयोगशाळा चालू आहे. तेथे किरणोत्सर्गी कचरा साठवीत नाहीत. केवळ संशोधन होते. खडकात विंधलेल्या छिद्रातून ट्रिटियमयुक्त पाणी, आयोडाइड, सोडियम, सीझियम इत्यादींचे द्रावण दीर्घकाळ खेळवितात. नंतर भोवतालचा खडक कापून काढून कोणता पदार्थ कोठवर पोहोचला हे मोजतात. पाणी बरेच आत शिरलेले आढळते, तर सीझियम छिद्राच्या अगदी निकट राहिलेले दिसते.

पण काही महिन्यांच्या प्रयोगावरून लक्षावधी वर्षांचे भाकीत कसे करावे? याचे उत्तर त्याच खडकाने सांभाळून ठेवले आहे. त्याच्या छिद्रांतील पाण्यात प्राचीन सागराचे मीठ अद्याप आहे. क्लोराइडचे प्रमाण थराच्या अंतर्भागात सर्वाधिक असून वरच्या व खालच्या जलधारी खडकांकडे ते कमी होत जाते. काही दशलक्ष वर्षे प्रामुख्याने विसरण चालले असे धरून प्रतिमान सोडविले असता अशीच कमान मिळते. पाणी वाहत असते तर हे मीठ केव्हाच धुऊन गेले असते.

सप्टेंबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या नाग्रा या संस्थेने झुरिकच्या उत्तरेकडील नॉर्डलिश लेगर्न हे स्थान भूगर्भीय साठ्यासाठी सुचविले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परवान्याचे अर्ज सादर केले. तेथे ही मृत्तिका सुमारे ९०० मीटर खोलीवर आहे. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. ३०० वर्षांत त्याचा हजारावा भाग उरतो, आणि तोवर मृत्तिका त्यास सहज धरून ठेवते. आयोडिन-१२९ चा अर्धायुकाल मात्र १ कोटी ५७ लाख वर्षे आहे आणि आयोडाइड मृत्तिकेस जवळजवळ चिकटत नाही. ते कालांतराने खडकाबाहेर पडणारच; पण ते इतक्या सावकाश व इतक्या विरळ प्रमाणात पडावे की त्यापासून अपाय होऊ नये, हीच खडकाकडून अपेक्षा असते. ती अपेक्षा कितपत पुरी होईल, हे ठरविण्यासाठीच नॅनोमीटर रुंदीच्या वाटांचे एवढे काटेकोर गणित मांडावे लागते.